डीएफआय ३८, ओआरपी २.८ : गोळ्या खायच्या की आधी कारण शोधायचं?

तांबडा_पांढरा
नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यावर भांडायला असतो, आज जरा वेगळ्या कामासाठी आलोय. आयडीवरून जे ओळखतील त्यांनी कृपा करून गप बसावं, घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

वय ३३, बायको २८, लग्नाला चार वर्षं झाली, गेली दोन वर्षं प्रयत्न चालू हायत पण दिवस जात नाहीत. कोल्हापुरात फौंड्रीत कामाला आहे, फर्नेसवर. बायकोच्या सगळ्या टेस्ट झाल्या, सोनोग्राफी झाली, ट्यूब टेस्ट झाली, सगळं नॉर्मल, मग डॉक्टर म्हणाले आता तुमचं बघू. माझा रिपोर्ट आला तो असा : व्हॉल्यूम २.२ मिली, काउंट २२ मिलियन, एकूण मोटिलिटी म्हणजे हालचाल ३४ टक्के, पुढे जाणारे १९ टक्के, मॉर्फॉलॉजी म्हणजे आकार ३, पस सेल्स ८-१०. मग म्हणाले अजून एक पॅनल करू, त्याचे साडेसात हजार घेतले, त्यात डीएफआय ३८ टक्के आणि ओआरपी २.८ असं आलं आणि खाली लाल अक्षरात 'हाय ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस'.

स्ट्रेस म्हटल्यावर मला वाटलं टेन्शन. म्हटलं डॉक्टर टेन्शन तर हाय की, पण ते वीर्यात कसं काय दिसलं. ते हसले आणि तीन महिन्याच्या गोळ्या लिहून दिल्या, महिन्याला २८०० ची पट्टी, वर अँटिबायोटिक. आणि जाताजाता आयव्हीएफच्या पॅकेजचा कागद हातात. पाच मिनिटात बाहेर.

माझा प्रश्न साधा हाय. हे जे मार्कर का काय ते मोजलेत ते नेमकं काय सांगतात? गोळ्यांनी खाली येतात का? का आपलं हातात रिपोर्ट आणि खिशातनं पैसे? जाणकारांनी लिहा, मराठीत लिहा.

उगाच_एक
वाचतोय. (मित्रासाठी.)

मोगरा_७
सगळ्यात आधी, लिहिलंत त्याबद्दल कौतुक. आमच्याकडे माझ्या सहा वर्षात चार वेळा सोनोग्राफी, दोनदा ट्यूब टेस्ट, एकदा दुर्बीण, आणि ह्यांची पहिली साधी सीमेन टेस्ट सातव्या वर्षी. तीसुद्धा सासूबाई नाही म्हणत असताना. ती टेस्ट काही शेकड्यात होते हो, आणि सुई नाही, भूल नाही, काही नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाचा थोडा तरी वाटा असतो, आणि सुरुवात मात्र कायम बाईच्या पोटापासून. असो, माझं पुराण नंतर. वाचतेय.

भिंगातून
दादा, मी अँड्रॉलॉजी लॅबमध्ये, म्हणजे वीर्य तपासतात तिथे आहे, अकरा वर्षं हेच बघतेय. डॉक्टर नाही, त्यामुळे औषध सांगणार नाही, पण तुमच्या रिपोर्टमधला प्रत्येक आकडा कसा तयार होतो ते सांगू शकते. जरा लांब होईल, चहा घेऊन बसा.

आधी तुमच्या शंकेचं. हा स्ट्रेस मनाचा नाही. पेशीत ऑक्सिजन वापरताना काही अर्धवट, चिडकी रसायनं तयार होतात, सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड वगैरे, सगळ्यांना मिळून आरओएस म्हणतात. शरीराकडे ती विझवायची सोय असते. तयार होणं जास्त आणि विझवणं कमी झालं की ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. लोखंड गंजतं ना, साधारण त्या जातीचं काम, तुम्हाला फौंड्रीवाल्याला काय सांगायचं.

आता शुक्राणूच का बिचारा सापडतो? एक तर त्याच्या आवरणात असंतृप्त फॅट भरपूर, डीएचए म्हणतात तेच माशाच्या तेलातलं. शेपटी वळवळायला आवरण लवचिक लागतं म्हणून ते आहे, पण हेच फॅट सगळ्यात आधी खवट होतं. दुसरं म्हणजे तयार होताना तो पोटातला सगळा माल टाकून देतो, हलका होतो पळायला, आणि त्या मालाबरोबर विझवणारे एन्झाइमही जातात. आणि तिसरं, स्वतःचा डीएनए दुरुस्त करायची सोय त्याच्याकडे जवळजवळ नाहीच. ओजीजी१ नावाचा एकच एन्झाइम आहे, तो खराब झालेलं अक्षर कापून टाकतो आणि थांबतो, पुढची डागडुजी बीजाला करावी लागते, फलन झाल्यावर. म्हणजे नवऱ्याचं उरलेलं काम बायकोच्या बीजाने करायचं. (मोगराताई, हसू नका.)

हे सगळं मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत आणि त्या एकच गोष्ट मोजत नाहीत, इथेच घोळ होतो. कुणी आग मोजतं, कुणी धूर, कुणी जळलेलं छप्पर.

आग म्हणजे आरओएस स्वतः. ल्युमिनॉल टाकून जो मंद प्रकाश निघतो तो यंत्रावर मोजतात. सॅम्पल ताजं लागतं, यंत्र महाग, आपल्याकडे अगदी थोड्या ठिकाणी होतं. धूर म्हणजे एमडीए, मॅलॉनडायअल्डिहाइड, फॅट खवट झाल्यावर तयार होणारं. त्यात थायोबार्बिट्यूरिक अ‍ॅसिड टाकलं की गुलाबी रंग येतो, तो ५३२ नॅनोमीटरला वाचायचा. स्वस्त आहे, पीएचडीवाल्या पोरांचं लाडकं आहे, पण तो गुलाबी रंग इतर पदार्थांनीसुद्धा येतो. ४-एचएनई पण त्याच खानदानातलं, ते जास्त खोडसाळ, कारण ते मायटोकाँड्रियाच्या (पेशीतलं वीजघर) प्रथिनांना चिकटून अजून आरओएस तयार करायला लावतं. एकदा चक्र सुरू झालं की ते आपलं आपण फिरतं.

जळलेलं छप्पर म्हणजे डीएनए. ८-ओएचडीजी हा त्यातला नेमका मार्कर, डीएनएमधल्या ग्वानिनला ऑक्सिजन चिकटून जे होतं ते. ह्याच्यावर बोट ठेवून म्हणता येतं की हे नुकसान ऑक्सिडेशनचंच. पण डीएनए बाहेर काढतानाच हवेने थोडं ऑक्सिडेशन होऊ शकतं, त्यामुळे नीट हाताने केलं नाही तर आकडा फुगतो.

तुमचा डीएफआय म्हणजे तुटलेल्या डीएनएचे शुक्राणू शंभरात किती. ३८ म्हणजे शंभरातले ३८. पण का तुटले हे डीएफआय सांगत नाही! ऑक्सिडेशनने तुटतात, तयार होताना गुंडाळणी नीट झाली नाही म्हणूनही तुटतात. तुमच्या रिपोर्टवर कोणती पद्धत लिहिलीय बघा. एससीएसए (यंत्राने मोजायची पद्धत) असेल तर साधारण १५ च्या आत बरं, ३० च्या वर काळजीचं असं धरतात. हॅलो टेस्ट असेल तर भिंगाखाली मोजतात, चांगल्या शुक्राणूभोवती प्रभावळ दिसते, तुटलेल्याभोवती नाही, आणि ते मोजणाऱ्यावरही अवलंबून असतं. एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या पट्टीवर ठेवू नये.

ओआरपीचं उद्या लिहिते, शिफ्ट आहे. आणि हो, दोन गोष्टी सांगा : सॅम्पल किती दिवसांच्या गॅपने दिलं होतं, आणि पस सेल्ससाठी पेरॉक्सिडेज स्टेन केला होता का?

तांबडा_पांढरा
ताई, लय भारी लिहिलंय. दोनदा वाचलं. पद्धतीच्या जागी हॅलो असंच काहीतरी दिसतंय. स्टेनचं काय माहीत नाही, रिपोर्टवर तसलं काय नाही.

जुनी_पेटी
भिंगातून यांच्या प्रतिसादाला एक ऐतिहासिक पुरवणी, मला राहवत नाही. हे काही कालपरवाचं फॅड नाही. १९४३ साली, जग युद्धात असताना, न्यूयॉर्कमध्ये जॉन मॅक्लिऑड नावाच्या संशोधकाने दाखवलं की माणसाचे शुक्राणू भरपूर ऑक्सिजनमध्ये ठेवले तर त्यांची हालचाल बंद पडते, आणि त्यात कॅटालेज घातलं, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड फोडणारा एन्झाइम, तर वाचते. गंमत बघा, श्वासाला लागणारा ऑक्सिजनच मारक. १९४६ मध्ये बैलाच्या वीर्यावर टोसिक आणि वॉल्टन यांनी पेरॉक्साइड पकडलं. १९७९ मध्ये जोन्स, मान आणि शेरिन्स यांनी माणसाच्या शुक्राणूत फॅट खवट होणं आणि हालचाल जाणं यांचा संबंध दाखवला, पुढे आधी एडिनबर्गला आणि मग ऑस्ट्रेलियात जॉन एटकेन यांनी अख्खी हयात यावर घातली. आणि क्लीव्हलंडला अशोक अगरवाल यांच्या गटाने २०१९ मध्ये 'मोसी' असं नावच सुचवलं, मेल ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस इन्फर्टिलिटी. म्हणजे ज्यांचा रिपोर्ट बिघडलाय पण कारण सापडत नाही आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस जास्त आहे, त्यांच्यासाठी वेगळं खातं उघडायचं.

शंकासुर
खातं उघडलं की ठेवी येतातच. नाव दिलं की रोग होतो, रोग झाला की पट्टी खपते.

रागावू नका कुणी. मार्कर खरे आहेत, केमिस्ट्री खरी आहे, माझं भांडण 'म्हणून गोळी घ्या' ह्या उडीशी आहे. दोन मोठे ट्रायल सांगतो, दोन्ही अमेरिकेतले, दोन्ही २०२० मध्ये छापून आलेले.

पहिला मॉक्सी. १७४ जोडपी. नवऱ्यांना रोज व्हिटॅमिन सी ५०० मिग्रॅ, ई, सेलेनियम, एल-कार्निटीन १००० मिग्रॅ, झिंक, फॉलिक, लायकोपीन असं सगळं एकत्र, म्हणजे आपल्या २८०० वाल्या पट्टीत जे असतं तेच. अर्ध्यांना नुसती साखरेची गोळी. तीन महिन्यांनी काउंट, मोटिलिटी, डीएफआय, कशातही गोळीने सुधारणा नाही. मूल होण्याचं प्रमाण गोळीवाल्यांत १५ टक्के, साखरवाल्यांत २४. हा फरक संख्याशास्त्राने पक्का नाही म्हणून गोळीने नुकसान झालं असं म्हणणार नाही, पण फायदा कुठे आहे?

दुसरा फॅझस्ट, २३७० जोडपी, सहा महिने रोज ५ मिग्रॅ फॉलिक आणि ३० मिग्रॅ झिंक. मूल झालं ३४ टक्के विरुद्ध ३५ टक्के. आणि डीएफआय? गोळीवाल्यांत थोडा जास्तच निघाला, २९.७ विरुद्ध २७.२. शिवाय पोटाच्या तक्रारी जास्त.

हिरडा_बेहडा
शंकासुर, तुम्ही प्रत्येक धाग्यावर हेच करता. रसायनं म्हणून खाल्लं तर हेच होणार, निसर्गातून घ्या. अश्वगंधा, सफेद मुसळी, कवचबीज, आवळा. आपल्या वाजीकरणात हे हजारो वर्षं आहे. लखनौच्या मेडिकल युनिव्हर्सिटीने २०१० मध्ये अश्वगंधावर केलंय, रोज ५ ग्रॅम मुळाची पावडर तीन महिने, वीर्यातलं फॅट खवट होणं कमी झालं, काउंट मोटिलिटी वाढली, आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये आलंय. ते का नाही सांगत?

शंकासुर
सांगतो की. तो अभ्यास खरा आहे. पण त्यात ७५ मूल न होणारे पुरुष आणि तुलनेला ७५ निरोगी पुरुष, सगळ्या ७५ जणांना अश्वगंधा. साखरेची गोळी खाणारा गटच नव्हता. माणूस डॉक्टरकडे जातो तेव्हा रिपोर्ट बहुतेक वेळा सगळ्यात वाईट असतो, पुढचा आपोआप थोडा सुधारतो. अश्वगंधाने सुधारला का वेळेने हे कळणार कसं? तुमच्या मुसळीवर माझा राग नाही, माझी कॅप्सूलवर आणि मुसळीवर सारखीच नजर आहे. आणि नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असंही नाही, अश्वगंधाने लिव्हर बिघडल्याच्या केसेस आलेल्या आहेत.

उगाच_एक
मित्र विचारतोय की जिममधल्या ट्रेनरने टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलंय, ते घेतलं तर काउंट वाढेल का.

भिंगातून
मित्राला सांगा, धाव! बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदूला वाटतं भरपूर आहे, तो वृषणांना हुकूम द्यायचा बंद करतो, काउंट शून्यावरसुद्धा येतो. मूल हवं असलेल्या माणसाने हे घ्यायचं नाही. असे दंड फुगवलेले आणि भिंगाखाली रिकामे सॅम्पल महिन्याला दोनतीन तरी बघते मी.

आता राहिलेला ओआरपी. ऑक्सिडेशन-रिडक्शन पोटेन्शियल. बॅटरी तपासतो तसं मिलिव्होल्टमध्ये मोजतात, वीर्याचा थेंब पट्टीवर टाकायचा, चारेक मिनिटात आकडा. आग आणि विझवणारे दोघांचा एकत्रित तोल त्यात कळतो, म्हणून कल्पना चांगली आहे. मग तो आकडा काउंटने भागतात. १.३४ च्या वर गेला तर जास्त असं सर्वसाधारण धरतात.

आता भागाकाराची मजा बघा. तुमचा २.८, काउंट २२, म्हणजे यंत्रावर साधारण ६१.६ मिलिव्होल्ट आले असणार. हेच ६१.६ जर ६० मिलियन काउंटवाल्याचे असते तर १.०३, म्हणजे नॉर्मल! आणि ५ मिलियनवाल्याचे असते तर १२.३, म्हणजे भयंकर! वीर्यातलं वातावरण तेच, फक्त खालचा आकडा वेगळा. म्हणून काउंट कमी असेल तेव्हा ओआरपी वाढलेला दिसतोच, त्यातलं किती खरं आणि किती भागाकाराचं हे डोळे उघडे ठेवून बघावं लागतं. मिलियनच्या खाली काउंट असला तर तो आकडा मी तरी मनावर घेत नाही.

शंकासुर यांच्याशी अर्धी सहमत. एक गोष्ट ते म्हणाले नाहीत ती सांगते : थोडे आरओएस शुक्राणूला *लागतात*. बीजापर्यंत पोचल्यावर शेवटचा जोर लावायला, डोक्यावरची टोपी उघडायला, ह्या सगळ्याचा खटका थोड्याशा पेरॉक्साइडनेच दाबला जातो. सगळंच विझवून टाकलं तर तेही बंद. फ्रान्समध्ये मेनेझो यांनी २००७ मध्ये दाखवलं की व्हिटॅमिन आणि झिंक-सेलेनियम देऊन डीएनएचे तुकडे १९ टक्क्यांनी कमी झाले, पण त्याच वेळी डीएनएची गुंडाळणी सैल होणं जवळपास २३ टक्क्यांनी वाढलं. शुक्राणूचा डीएनए प्रोटामीन नावाच्या प्रथिनाच्या गुंडाळीत गंधकाच्या टाक्यांनी शिवलेला असतो, जास्त व्हिटॅमिन सी ने ते टाकेच उसवतात असा त्यांचा अंदाज. एका हाताने दिलं, दुसऱ्याने घेतलं.

पण उलट टोकालाही जाऊ नका. १९९१ चा एक अभ्यास मला फार आवडतो. काही पुरुषांच्या जेवणातलं व्हिटॅमिन सी रोजच्या २५० मिग्रॅवरून ५ मिग्रॅवर आणलं, म्हणजे जवळजवळ बंदच, तर वीर्यातलं व्हिटॅमिन सी निम्मं झालं आणि शुक्राणूच्या डीएनएमधला ८-ओएचडीजी ९१ टक्क्यांनी वाढला. परत दिल्यावर खाली आला. ज्याच्याकडे खरंच कमी आहे त्याला दिलं तर उपयोग होईल, ज्याचं भांडं भरलंय त्यात अजून ओतून काय होणार? मॉक्सीमध्ये आधी कुणाचा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस जास्त आहे हे बघून माणसं निवडली नव्हती, हा त्याच्यावरचा आक्षेप मला पटतो.

शंकासुर
हा आक्षेप मलाही मान्य. मार्कर जास्त असलेलेच पुरुष निवडून, त्यांनाच चिठ्ठ्या टाकून गोळी-साखर वाटून, शेवटी मूल झालं का हे मोजणारा मोठा ट्रायल दाखवा, मी स्वतः महिन्याची पट्टी विकत घेऊन वाटीन. कोक्रेन म्हणजे जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था, त्यांच्या २०२२ च्या आढाव्यात ९० अभ्यास एकत्र केले होते, दहा हजारांवर पुरुष, तिथेही निष्कर्ष 'कदाचित फायदा असेल, पुरावा कच्चा' एवढाच. आणि अमेरिकन यूरॉलॉजीची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं तर म्हणतात की पहिल्याच तपासणीत डीएफआय करायचीच गरज नाही. डब्ल्यूएचओच्या वीर्यतपासणीच्या पुस्तकाच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीतही डीएफआय 'विस्तारित' भागात आहे, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस तर त्याच्याही पुढच्या 'प्रगत' भागात, म्हणजे रोजच्या यादीत नाही.

मोगरा_७
पण त्याच तत्त्वांत वारंवार गर्भपात होत असेल तर नवऱ्याचा डीएफआय बघा असंही आहे ना? माझे दोन गेले, सातव्या आणि नवव्या आठवड्यात. तेव्हा प्रत्येकाने मला विचारलं, जिना चढलीस का, पपई खाल्लीस का. ह्यांना कुणी काही विचारलं नाही. नंतर डीएफआय ४१ निघाला. म्हणजे टेस्ट निरुपयोगी असं सरसकट म्हणू नका, माझ्यापुरतं तरी त्या एका आकड्याने पपई सुटली.

शंकासुर
मोगराताई, बरोबर आहे, ते वाक्य त्यात आहे. मी अर्धवट सांगितलं, माफी.

गोदाकाठ
नाशिकहून. उशिरा आलो, पण कामाचं सांगतो. तांबडा-पांढरा भाऊ, तुम्हाला डॉक्टरांनी उभं करून तपासलं का? म्हणजे खाली, हाताने. माझं पण असंच होतं, डीएफआय ४४, वर्षभर गोळ्या खाल्ल्या, तीन कंपन्या बदलल्या, पस्तीस हजाराच्या आसपास गेले. शेवटी एका यूरॉलॉजिस्टने उभं केलं, खोकायला लावलं, आणि दहा सेकंदात म्हणाला डाव्या बाजूला व्हेरिकोसील आहे, म्हणजे वृषणाच्या शिरा फुगल्यात, हाताला गांडुळांच्या पिशवीसारखं लागतंय. वर्षात एकाने हात लावला नव्हता हो. फक्त कागद बघत होते.

डावीकडेच जास्त का होतं तर डावीकडची शीर वर किडनीच्या शिरेला काटकोनात जाऊन मिळते, रक्त तुंबतं, वृषण गरम राहतं. साध्या पुरुषांत शंभरात १५ जणांना असतं आणि त्यातल्या कित्येकांना मुलं होतात, पण मूल न होणाऱ्यांत शंभरात ३५-४०. दुर्बिणीखाली बारीक ऑपरेशन केलं, दुसऱ्या दिवशी घरी. सहा महिन्यांनी डीएफआय २३. नंतर मूल झालं, पण ते ऑपरेशनमुळेच असं मी छातीठोक सांगणार नाही, शंकासुर बसलेत.

एक मात्र, फक्त डॉपलर सोनोग्राफीत दिसतंय आणि हाताला लागत नाही अशा बारीक व्हेरिकोसीलचं ऑपरेशन करून घेऊ नका, त्याचा फायदा होत नाही हे माझ्याच डॉक्टरने सांगितलं.

तांबडा_पांढरा
नाही ओ. कुणी उभं केलं नाही. पॅन्ट सोडा, खुर्चीवरनं उठायला पण लागलं नाही.

आणि आता एक कबुली देतो, आधी लाजून लिहिलं नव्हतं. मी फर्नेसवर म्हणजे अगदी तोंडाशी असतो, लोखंड १४०० च्या वर असतंय, लॅडल भरताना अंगावर झळ येते, उन्हाळ्यात तर भाजल्यागत. आठ तास, कधी बारा. आणि तंबाखू. दिवसाला पाच-सहा पुड्या. सिगरेट नाही म्हणून डॉक्टरला 'व्यसन नाही' सांगितलं. आमच्यात तंबाखूला व्यसन म्हणतच नाहीत.

भिंगातून
हेच पाहिजे होतं दादा. वृषणं शरीराबाहेर टांगलेली आहेत ती काही शोभेला नाहीत, आतल्यापेक्षा दोन ते चार डिग्री थंड लागतं त्यांना. गरम झालं की तिथल्या पेशी जास्त आरओएस सोडतात. आणि चघळायचा तंबाखू : २००५ मध्ये ६३८ भारतीय पुरुषांचा अभ्यास आहे, जितका तंबाखू जास्त तितका काउंट आणि मोटिलिटी खाली. तो गालात ठेवला तरी निकोटीन आणि कॅडमियम रक्तातच जातं.

आणि अँटिबायोटिक चालू केलंत का? थांबा, त्याआधी डॉक्टरांना विचारा की पेरॉक्सिडेज करायचा का. साध्या भिंगाखाली पांढऱ्या पेशी आणि अर्धवट वाढलेल्या शुक्राणूपेशी दोन्ही गोल दिसतात, आणि रिपोर्टवर दोन्हीला 'पस सेल्स' छापलं जातं. आमच्या धंद्यातली ही फार जुनी लबाडी, लबाडी नाही म्हणत, आळस. पेरॉक्सिडेजने पांढऱ्या पेशी तपकिरी होतात, कच्च्या होत नाहीत. पांढऱ्या पेशी मिलीला १० लाखांच्या वर असतील तर त्या आरओएसचा मोठा कारखाना, तेव्हा इन्फेक्शन शोधायचं. कच्च्या असतील तर अँटिबायोटिकचा काय संबंध?

आणि माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून दिलं नाहीत. गॅप किती दिवस होता?

हिरडा_बेहडा
तंबाखू सोडा आणि झोप पूर्ण घ्या, हे मीही म्हणतोच. एम्समध्ये रीमा दादा यांच्या गटाने २०१८ मध्ये वारंवार गर्भपात झालेल्या जोडप्यांतल्या पुरुषांवर योगासनं आणि ध्यान याचा डीएनएच्या ऑक्सिडेशनवर परिणाम बघितला, कमी झालं. छोटा अभ्यास आहे, शंकासुर बोलायच्या आत मीच सांगतो.

शंकासुर
:) योगाला महिन्याला २८०० पडत नाहीत, माझी हरकत नाही.

तांबडा_पांढरा
साडेचार महिन्यांनी येतोय, धागा वर काढल्याबद्दल माफी. खूप जणांनी विपूत (विचारपुशीत) विचारलं म्हणून.

दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो, यूरॉलॉजिस्ट. उभं केलं, खोकायला लावलं, डावीकडे ग्रेड दोनचं व्हेरिकोसील निघालं. गोदाकाठ, तुमचा लय उपकार. पेरॉक्सिडेज केला, पांढऱ्या पेशी अगदी थोड्या, बाकी सगळ्या कच्च्या, अँटिबायोटिक मी दोन दिवस खाऊन आधीच थांबवलं होतं डॉक्टरला विचारून. गोळ्या एक महिना खाल्ल्या, मग सोडल्या, पहिल्या पट्टीचे पैसे गेले ते गेले. मालकाला कारण न सांगता फर्नेसवरनं डिस्पॅचला बदली मागितली, कसली कटकट झाली विचारू नका, पगारात रात्रपाळीचा भत्ता गेला. तंबाखू पाचावरनं एकावर आणलाय, एक सुटेना.

परवा परत सॅम्पल दिलं. मोटिलिटी ४१, पुढे जाणारे २७, काउंट २४, डीएफआय २९. ओआरपी केला नाही, म्हटलं भागाकार आपल्याला येतोय. यूरॉलॉजिस्ट म्हणतायत शीर अजून हाताला लागते, ऑपरेशनचा विचार करा, दिवाळीनंतर. बायको म्हणते अजून थोडे दिवस बघू. तिला आता सगळं सांगितलंय. आईला पण सांगितलं. आई गप बसली, मग म्हणाली तुझ्या बाबाला पण भट्टीवर असताना आठ वर्षं काय नव्हतं. आम्हाला आजपर्यंत वाटायचं देवाचा नवस होता.

गोदाकाठ
३८ वरून २९! झकास. ऑपरेशनचं काही विचारायचं असेल तर विपू करा, खर्चाचा अंदाज देतो.

मोगरा_७
आईंचं वाचून काटा आला. आठ वर्षं त्यांनी काय काय ऐकलं असेल.

शंकासुर
मनापासून आनंद. फक्त एक सॅम्पल आणि दुसरं सॅम्पल, एवढ्यावर... जाऊ दे, आज नाही बोलत.

भिंगातून
मी बोलते. दादा, छान आहे, तंबाखू कमी झाला आणि भट्टी सुटली ते तर फारच छान. नवा शुक्राणू तयार होऊन बाहेर यायला अडीच-तीन महिने लागतात, त्या हिशोबाने हे सॅम्पल डिस्पॅचला गेल्यानंतरचंच आहे. पण गॅप? तिसऱ्यांदा विचारतेय.

तांबडा_पांढरा
ताई, तेच सांगायचं राहिलं. आत्ताचं तीन दिवसांचं. पहिलं, सलग रात्रपाळी होती त्या वेळी, मोजलं तर अकरा दिवस होत होते. कुणी विचारलं नव्हतं, मला माहीत पण नव्हतं की असं काय असतंय.

भिंगातून
अकरा! दोन ते सात दिवसांचा नियम आहे. जास्त दिवस साठून राहिले की तिथेच पडून आरओएस खातात, डीएफआय वाढतो, मोटिलिटी पडते. म्हणजे तुमच्या ३८ मधले किती भट्टीचे, किती तंबाखूचे, किती शिरेचे आणि किती त्या अकरा दिवसांचे, हे आता देवालाच माहीत. तो साडेसात हजाराचा पॅनल लावायच्या आधी रिसेप्शनवर एका ओळीचा प्रश्न विचारायचा होता फक्त.

ऑपरेशनचं ठरवायच्या आधी अजून एक सॅम्पल द्या. त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने, दोन-तीन आठवड्यांनी. डॉक्टरांना हा गॅपचा घोळ पण सांगा.

तांबडा_पांढरा
देतो. तीन दिवस गॅप, कॅलेंडरवर खूण केलीय. आईने विचारलं ही कसली खूण, म्हटलं गॅस सिलिंडरची.

उगाच_एक
मित्र म्हणतोय ते लॅब टेक्निशियन ताईंचं शहर कळेल का. त्यालापण सॅम्पल द्यायचंय. बरं, मलाच द्यायचंय.